मॅजेन्टो थीममध्ये सगळ्या मॉड्यूलांची स्टाइल एका जागेवरून कशी सांभाळायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मॅजेन्टो या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये लुमा या त्याच्या तयार थीमवरून काढलेली चाइल्ड थीम (मूळ थीमचं सगळं घेऊन हवे तेवढेच बदल करणारी) आहे, त्यात बाहेरून घेतलेली काही मॉड्यूल, म्हणजे जादा सोयींचे कोडचे संच, बसवली आहेत. बटणाचा रंग बदलायचा तरी चार ठिकाणी हात घालावा लागतो, एका मॉड्यूलची फाइल बदलली की दुसऱ्याच पानावर काहीतरी हलतं, आणि अपग्रेड झाल्यावर निम्मे बदल दिसेनासे होतात. सगळ्यांची स्टाइल एका जागेवरून सांभाळता येते का?

येते. पण ती जागा म्हणजे एकच फाइल नव्हे. मॅजेन्टो २ मध्ये बदल कोणत्या प्रकारचा आहे त्यावर त्याची फाइल ठरते. या फाइली ‘लेस’मध्ये असतात, म्हणजे व्हेरिएबल (नाव देऊन ठेवलेली व्हॅल्यू) चालणाऱ्या आणि नंतर सीएसएसमध्ये बदलणाऱ्या भाषेत. रंग, फॉन्ट, अंतर अशी एखादी व्हॅल्यू बदलायची असेल तर ‘_थीम.लेस’. मॉड्यूलच्या दिसण्यात भर घालायची असेल तर त्या मॉड्यूलच्या फोल्डरातली ‘_एक्स्टेंड.लेस’. मॉड्यूलची मूळ स्टाइल पूर्ण बाजूला सारून स्वतःची लिहायची असेल तरच ‘_मॉड्यूल.लेस’. पहिल्या दोन कामांसाठी लोक सर्रास तिसरी फाइल वापरतात आणि तुम्ही वर्णन केलेला बहुतेक त्रास तिथूनच सुरू होतो. (फाइलींची आणि व्हेरिएबलांची नावं इथे देवनागरीत लिहितो आहे. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत आहेत.)

हे नीट कळायला स्टाइलशीट तयार कशी होते ते एकदा पाहून घ्या. दुकानाच्या पानावर मुख्यतः दोन सीएसएस फाइली येतात: ‘स्टाइल्स-एम’ आणि ‘स्टाइल्स-एल’. पहिलीत सगळ्यांना लागणारी आणि मोबाइलची स्टाइल असते. दुसरी ७६८ पिक्सेल आणि त्याहून रुंद पडद्यासाठी. या दोन्हींच्या लेस फाइली मॅजेन्टोच्याच ब्लँक या पायाभूत थीममध्ये आहेत, लुमा ब्लँकवरून आलेली आहे, म्हणून तुमच्या थीमला त्या आयत्या मिळतात, कॉपी करायची गरज नाही. ‘स्टाइल्स-एम’ची लेस फाइल उघडून वाचा. आधी लायब्ररी (मॅजेन्टोच्या सामायिक स्टाइल आणि व्हॅल्यू) येते, मग ‘_मॉड्यूल.लेस’ आणि ‘_विजेट्स.लेस’ गोळा करायच्या ओळी, मग ब्रेकपॉइंटचं (पडद्याच्या ज्या रुंदीला मांडणी बदलते तिचं) काम करणारी फाइल, मग ‘_थीम.लेस’ आणि सगळ्यात शेवटी ‘_एक्स्टेंड.लेस’ गोळा करायची ओळ.

गोळा करायच्या या ओळी दोन तिरक्या रेघांनी सुरू होतात, त्यामुळे दिसायला निव्वळ कॉमेंट वाटतात: ‘//@मॅजेन्टो_इम्पोर्ट’. कोड साफ करताना कोणी ही ओळ उडवली तर त्या नावाच्या सगळ्या मॉड्यूल फाइली बंडलातून, म्हणजे तयार होणाऱ्या सीएसएसमधून, बाहेर पडतात, आणि एररसुद्धा येत नाही. कंपाइल (लेसचं सीएसएस) व्हायच्या आधी मॅजेन्टो ही ओळ वाचतो, सगळ्या मॉड्यूलांत आणि थीमच्या साखळीत त्या नावाची फाइल शोधतो, आणि जितक्या सापडतील तितक्या साध्या इम्पोर्टच्या ओळी तिथे लिहितो. ‘कॅटलॉग’ची एक, ‘चेकआउट’ची एक, तुम्ही बसवलेल्या मॉड्यूलची एक. मात्र एका मॉड्यूलसाठी एका नावाची एकच फाइल घेतली जाते. तुमच्या थीममध्ये असेल तर तुमची, नसेल तर लुमाची, तीही नसेल तर ब्लँकची, आणि शेवटी मॉड्यूलची स्वतःची. हा क्रम म्हणजे शोधसाखळी.

म्हणजे तुमच्या थीममध्ये ‘मॅजेन्टो_कॅटलॉग/वेब/सीएसएस/सोर्स/_मॉड्यूल.लेस’ ही फाइल ठेवलीत की लुमाची त्या नावाची फाइल त्या क्षणी बाद झाली. तुमच्या फाइलीत दोनच ओळी असतील तर कॅटलॉगची बाकीची स्टाइल गेली. ती जाऊ नये म्हणून लुमाची फाइल जशीच्या तशी कॉपी करून त्यात दोन ओळी बदलल्यात, तर आजचं काम भागतं, पण पुढच्या अपग्रेडमध्ये लुमाने त्या फाइलीत केलेली दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोचणार नाही. शेकडो ओळींची फाइल दोन ओळींसाठी तुमच्या गळ्यात पडली.

आता व्हॅल्यूंकडे येऊ. इथेच खरी सोय दडलेली आहे. ‘_थीम.लेस’ मॉड्यूलांच्या नंतर येते, तरी तिच्यातले रंग मॉड्यूलांना कसे लागतात, असं अनेकांना वाटतं. लेसमध्ये व्हेरिएबलची व्हॅल्यू वाचता वाचता ठरत नाही. एकाच व्याप्तीत तेच व्हेरिएबल अनेकदा लिहिलं असेल तर शेवटची व्हॅल्यू सगळीकडे लागते, अगदी वर आधी वापरलेल्या ठिकाणीसुद्धा. म्हणून ‘_थीम.लेस’ शेवटाकडे ठेवलेली आहे: तिथे लिहिलेलं वर सगळीकडे पोचतं. लायब्ररीने स्वतःची व्हॅल्यू दिली, मॉड्यूलने ती वापरली, आणि अखेरचा शब्द तुमचा.

बटणाचंच उदाहरण घेऊ. लुमाचा तो ओळखीचा निळा बटणांवर ‘@बटन-प्रायमरी__बॅकग्राउंड’ या व्हेरिएबलमधून येतो. तेवढं एक बदललं की ‘कार्टमध्ये टाका’पासून चेकआउटच्या शेवटच्या बटणापर्यंत मुख्य बटणं रंग बदलतात. पण मग बटणाच्या कडेला निळी रेघ राहते, आणि माउस वर नेला की पुन्हा निळा चमकतो. कारण कडेचं ‘@बटन-प्रायमरी__बॉर्डर’ आणि होव्हरची दोन व्हेरिएबल वेगळी आहेत आणि ती लायब्ररीतल्या निळ्या रंगांवरून ठरतात, तुमच्या बॅकग्राउंडवरून नाही. दाबलेल्या स्थितीचीही वेगळी आहेत. तेव्हा थीमच्या सुरुवातीला ब्रँडचा एक रंग स्वतःच्या नावाने ठेवा, या सगळ्या व्हेरिएबलांना तोच द्या, होव्हरसाठी त्याचीच गडद छटा घ्या. लिंकचा रंग वेगळा असतो, तोही त्याच्याशी जोडा. इथे तासभर घालवला तर पुढे सिलेक्टर (नियम कोणत्या घटकाला लागतो ते सांगणारा भाग) लिहून रंग बदलायची वेळ जवळजवळ येत नाही.

‘_थीम.लेस’बद्दल एक सावधगिरी. हीसुद्धा शोधसाखळीतच येते. तुमच्या थीममध्ये रिकामी ‘_थीम.लेस’ ठेवली तर लुमाची ‘_थीम.लेस’ बाद होते, लुमाने ठरवलेल्या सगळ्या व्हॅल्यू जातात आणि दुकान अर्धं ब्लँकसारखं दिसायला लागतं. लुमावरून थीम काढताना लुमाची ‘_थीम.लेस’ आधी कॉपी करा आणि तिच्याखाली तुमचे बदल लिहा. इथे मी कॉपी करायला सांगतो, वर नको म्हटलं, यात विरोध नाही. ही नुसती व्हॅल्यूंची यादी आहे, वाचायला सोपी आणि नव्या आवृत्तीशी ताडून पाहायला सोपी.

मराठी किंवा हिंदी स्टोअर व्ह्यू (दुकानाची त्या भाषेतली आवृत्ती) चालवणाऱ्यांसाठी हीच फाइल आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. लुमासोबत येणाऱ्या ओपन सॅन्स फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. ब्राउझर मग फोनमधला किंवा संगणकातला जो मिळेल तो देवनागरी फॉन्ट लावतो, त्यामुळे तेच दुकान प्रत्येक उपकरणावर वेगळं दिसतं. त्यावर लायब्ररीची हेडिंगची ओळउंची १.१ आहे, आणि बटणाची ओळउंची अक्षराच्या मापापेक्षा जेमतेम २ पिक्सेल जास्त, म्हणजे १४ पिक्सेलच्या अक्षराला १६. रोमन अक्षरांना ती पुरते. ‘पूर्ण’, ‘खरेदी’, ‘वस्तूंची यादी’ लिहिलं की वरचा रफार आणि खालचा उकार चेपतो, मथळा दोन ओळींत गेला तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. यासाठी प्रत्येक मॉड्यूलमध्ये जाऊन पॅडिंग वाढवत बसू नका. देवनागरीसाठी ‘मुक्त’ नावाचा किंवा नोटो सॅन्स देवनागरीसारखा फॉन्ट थीमच्या ‘वेब/फॉन्ट्स’मध्ये ठेवा, लायब्ररीच्या फॉन्ट-फेस मिक्सिनने (पुन्हा वापरता येणाऱ्या नियमांच्या संचाने) जोडा, ‘@फॉन्ट-फॅमिली-नेम__बेस’मध्ये त्याचं नाव द्या, आणि हेडिंगची ओळउंची १.४ च्या आसपास, बटणाची २० पिक्सेलच्या आसपास ठेवून पाहा. नेमका आकडा फॉन्टवर अवलंबून आहे, डोळ्यांनी तपासूनच ठरवा. मॅजेन्टोची स्वतःची मॉड्यूल हीच व्हेरिएबल वापरत असल्याने कार्टपासून ग्राहकाच्या खात्यापर्यंत एकदम सुधारणा दिसते.

व्हेरिएबलने भागत नसेल तेव्हा ‘_एक्स्टेंड.लेस’. समजा वस्तूंच्या यादीत किमतीखाली बारीक रेघ हवी आहे. थीममधल्या ‘मॅजेन्टो_कॅटलॉग/वेब/सीएसएस/सोर्स/_एक्स्टेंड.लेस’मध्ये फक्त तेवढा नियम लिहा. लुमाची कॅटलॉगची स्टाइल तशीच राहते, तुमची तिच्या नंतर येते, आणि दोन्हीकडे सिलेक्टरचं वजन सारखं असेल तर नंतरची लागते. त्यामुळे नियम सक्तीने लावणाऱ्या ‘इम्पॉर्टंट’ची गरज पडत नाही. ती पडत असेल तर तुमचा सिलेक्टर मूळच्यापेक्षा हलका आहे. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये मूळ सिलेक्टर पाहा आणि तितकाच लिहा. संपूर्ण दुकानाला लागणारे किरकोळ नियम थीमच्या स्वतःच्या ‘वेब/सीएसएस/सोर्स/_एक्स्टेंड.लेस’मध्ये जातात, पण ही फाइल अडगळीची खोली होऊ देऊ नका. कार्टचा नियम कार्टच्या फोल्डरातच हवा, म्हणजे सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी शोधला तरी सापडेल.

नावाचा एक सापळा इथे आहे. ब्लँक आणि लुमात ‘_एक्स्टेंड्स.लेस’ नावाचीही फाइल आहे, शेवटी एका ‘एस’ने वेगळी. तिच्यात बाकीच्या स्टाइलना आधार देणारे सामायिक सिलेक्टर आहेत. चुकून त्या नावाची फाइल थीममध्ये बनवली तर ते सगळे आधार निघून जातात. फोल्डरचं नावही मॉड्यूलच्या नावाशी अक्षरनअक्षर जुळलं पाहिजे, लहान-मोठ्या अक्षरांसकट. मॅकवर किंवा विंडोजवर कॅपिटल अक्षर चुकलं तरी चालून जातं, लिनक्स सर्व्हरवर ती फाइल सापडतच नाही.

काही वेळा मात्र मूळ रचना खरोखर मोडायची असते, उदाहरणार्थ मिनीकार्ट (पानाच्या वरच्या भागात उघडणारी छोटी कार्ट) पूर्ण वेगळं हवं असतं. तेव्हाही ‘चेकआउट’ची अख्खी ‘_मॉड्यूल.लेस’ उचलू नका. ती उघडली तर दिसेल की ती आतल्या छोट्या फाइली इम्पोर्ट करते: ‘मॉड्यूल/_कार्ट.लेस’, ‘मॉड्यूल/_मिनीकार्ट.लेस’ आणि चेकआउटच्या टप्प्यांच्या आणखी काही. त्या छोट्या फाइलींनाही शोधसाखळी लागू आहे. तुमच्या थीममध्ये त्याच मार्गावर फक्त ‘_मिनीकार्ट.लेस’ ठेवा, बाकी चेकआउट जसंच्या तसं लुमाकडून येत राहील. ही वाट फार कमी लोक वापरतात, आणि माझ्या मते मॅजेन्टोच्या स्टाइल व्यवस्थेतला हा सगळ्यात उपयोगी भाग आहे.

तुम्ही स्वतः मॉड्यूल लिहीत असाल, समजा डिलिव्हरीची तारीख निवडायचं, तर ते इतरांच्या थीममध्ये निमूट बसावं अशी काळजी घ्या. मॉड्यूलची स्टाइल ‘व्ह्यू/फ्रंटएंड/वेब/सीएसएस/सोर्स/_मॉड्यूल.लेस’मध्ये लिहा, आणि वरच आपली व्हेरिएबल जाहीर करा, प्रत्येकाच्या नावाआधी मॉड्यूलचं नाव: ‘@डिलिव्हरी-डेट__कलर’, ‘@डिलिव्हरी-डेट__बॉर्डर’. त्यांच्या व्हॅल्यू थेट रंगाच्या आकड्यात न देता लायब्ररीच्या व्हेरिएबलांवरून घ्या. मग ज्या दुकानाने ‘_थीम.लेस’मध्ये मुख्य रंग बदलला असेल तिथे तुमचं मॉड्यूल आपोआप त्या रंगात येतं. ज्याला फक्त तुमच्या मॉड्यूलचा रंग वेगळा हवा तो त्याच ‘_थीम.लेस’मध्ये तुमचं व्हेरिएबल लिहितो. तुमच्या एकाही सिलेक्टरला कोणाला हात लावावा लागत नाही.

सगळ्यांना लागणारे नियम ‘मीडिया-कॉमन’ खरं असेल तरच, या अटीच्या आत लिहा. ही अट ‘स्टाइल्स-एल’मध्ये खोटी केलेली असते, म्हणून नियम एकदाच छापला जातो. अट विसरली तर तोच नियम दोन्ही फाइलींत येतो, पान जड होतं, आणि मोठ्या पडद्यावर तो दुसऱ्यांदा लागून मधले बदल पुसून टाकतो. पडद्याच्या रुंदीचे नियम ‘.मीडिया-विड्थ’ या मिक्सिनमध्ये लिहायचे. ठरलेले ब्रेकपॉइंट ३२०, ४८०, ६४०, ७६८, १०२४ आणि १४४० पिक्सेल असे आहेत. स्वतःचा ९०० चा ब्रेकपॉइंट हवा म्हणून नुसतं व्हेरिएबल बनवून मिक्सिनमध्ये दिलं तर काहीच छापलं जाणार नाही, कारण मिक्सिनला हाक मारणाऱ्या फाइलीत ९०० ची ओळच नाही. ती ओळ तुमच्या थीममध्ये घालावी लागते. एकाच नियमासाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा जवळचा ठरलेला ब्रेकपॉइंट वापरा.

आता बाहेरून घेतलेली मॉड्यूल. यांचे दोन प्रकार. ज्यांची स्टाइल लेसमध्ये आहे त्यांना वरचं सगळं लागू होतं: थीममध्ये त्या मॉड्यूलच्या नावाचं फोल्डर करा आणि ‘_एक्स्टेंड.लेस’ ठेवा. दुसऱ्या प्रकारची मॉड्यूल लेआउटमधून (पानावर काय येतं ते ठरवणाऱ्या फाइलींतून) स्वतःची साधी सीएसएस फाइल पानावर टाकतात. तुमचे रंग तिच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि ती नंतर लोड झाली तर तुमच्या नियमांवर मात करते. तुमचा बटणाचा रंग चार ठिकाणी बदलावा लागतो तो बहुधा अशाच मॉड्यूलांमुळे.

फाइल लहान असेल तर मी ती काढून टाकतो. थीममध्ये त्या मॉड्यूलच्या फोल्डरात, ज्या हँडलवर (पानाच्या प्रकाराच्या नावावर) ती टाकलेली आहे त्याच नावाच्या लेआउट फाइलीत ‘रिमूव्ह’ लिहितो, मजकूर थीमच्या त्याच मॉड्यूलच्या ‘_मॉड्यूल.लेस’मध्ये आणतो आणि रंगांच्या जागी व्हेरिएबल घालतो. फाइल मोठी असेल आणि एकाच पानावर लागत असेल, जसं दुकानांचा नकाशा, तर ती वेगळीच राहू द्या. मुख्य स्टाइलशीटमध्ये घातली तर प्रत्येक पानावर ते ओझं जाईल. अशा वेळी थीममध्ये त्याच मार्गावर त्याच नावाची सीएसएस फाइल ठेवून बदलता येते. ‘व्हेंडर’ फोल्डरातल्या फाइलीला मात्र कधीच हात लावू नका. कंपोझरचं (पॅकेज बसवणाऱ्या साधनाचं) पुढचं अपडेट ती पुन्हा मूळ करतं. अपग्रेडनंतर गायब झालेले तुमचे बदल तिथेच केलेले असावेत असा माझा अंदाज आहे.

बंद केलेल्या मॉड्यूलांचीही स्टाइल बंडलात येत राहते, कारण ती थीमच्या फोल्डरात आहे. नव्या आवृत्त्यांत यावर ‘स्टॅटिक_कंटेंट_ओन्ली_एनेबल्ड_मॉड्यूल्स’ ही सेटिंग आहे. ‘एन्व्ह.पीएचपी’ या सेटिंगच्या फाइलीत ती चालू केली की फक्त सुरू असलेल्या मॉड्यूलांच्या फाइली गोळा होतात. विशलिस्ट, रिव्ह्यू यांपैकी काही बंद ठेवलं असेल तर फरक पडतो.

एकाच कंपनीची दोन-तीन दुकानं, रचना एक आणि रंग वेगळे, असं असेल तर मूळ थीमची ‘_थीम.लेस’ फक्त दोन ओळींची ठेवा: एक ओळ ‘_ब्रँड-बेस.लेस’ इम्पोर्ट करते, दुसरी ‘_ब्रँड-रंग.लेस’. ही नावं माझी आहेत, तुम्ही हवी ती द्या. प्रत्येक दुकानाची थीम या थीमची चाइल्ड, आणि तिच्यात स्टाइलची एकच फाइल: स्वतःची ‘_ब्रँड-रंग.लेस’. इम्पोर्ट शोधसाखळीतून जात असल्याने त्या दुकानाला त्याचे रंग मिळतात आणि बाकी सगळं सामायिक राहतं. रचनेतली दुरुस्ती एकदा केली की सगळ्या दुकानांना पोचते.

बदल केला आणि दिसत नाही, हा त्रास बहुतेक वेळा जुन्या तयार फाइलींचा असतो. डेव्हलपर मोडमध्ये नवी लेस फाइल जोडली तर ‘पब/स्टॅटिक/फ्रंटएंड’ आणि ‘व्हार/व्ह्यू_प्रीप्रोसेस्ड’ रिकामी करा. ‘पब/स्टॅटिक’च्या मुळाशी असलेली एचटीअॅक्सेस फाइल मात्र राहू द्या. ग्रंट हे लेसचं काम आपोआप करणारं साधन वापरत असाल तर नवी फाइल आल्यावर आधी ‘एक्झेक’, मग ‘लेस’, मग ‘वॉच’. नुसता ‘वॉच’ चालू असेल तर नव्या फाइलीची त्याला खबर नसते. ग्रंट नोडचा कंपाइलर वापरतो आणि सर्व्हरवरचं डिप्लॉय (लाइव्ह दुकानासाठी फाइली तयार करणं) पीएचपीचा, म्हणून लाइव्ह करण्याआधी एकदा ‘स्टॅटिक-कंटेंट:डिप्लॉय’ स्वतःच्या मशीनवर चालवून पाहा. ऑर्डरच्या ईमेलची स्टाइल वेगळ्या फाइलींतून तयार होते, तेव्हा रंग बदलल्यावर एक चाचणी ऑर्डर टाकून ईमेलही बघा.

तुमच्या सध्याच्या थीममध्ये सुरुवात अशी करा. थीमच्या फोल्डरात ‘_मॉड्यूल.लेस’ नावाच्या किती फाइली आहेत ते शोधा आणि प्रत्येकीची ‘व्हेंडर/मॅजेन्टो/थीम-फ्रंटएंड-लुमा’मधल्या तिच्या मूळ फाइलीशी तुलना करा. लुमात नसेल तर ‘थीम-फ्रंटएंड-ब्लँक’मध्ये पाहा. फरक फक्त रंगांचा निघाला तर तो ‘_थीम.लेस’मध्ये हलवा आणि फाइल काढून टाका. फरक चार-सहा नियमांचा असेल तर ते ‘_एक्स्टेंड.लेस’मध्ये. खरोखर वेगळ्या अशा ज्या थोड्या फाइली उरतील त्यांच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये लिहून ठेवा, मॅजेन्टोच्या कोणत्या आवृत्तीतून घेतली आणि का. पुढच्या अपग्रेडला तेवढ्याच फाइली उघडून ताडायच्या.